रोमविरुद्ध माझी प्रार्थना

मी जन्माची उतावळी. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे, रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेतसुद्धा हिचे गुडघे जमिनीला टेकत नाहीत. पण ज्या वर्षी बाबांना परदेशातली नोकरी मिळाली, त्या वर्षी ती भिंगरी पायातून निघून पोटात गेली. सकाळी डोळे उघडले की फिरायला लागायची, ती रात्री झोप लागेपर्यंत.

बाबा मुंबईत एका कचेरीत टायपिस्ट होते. आठवडाभर तिकडे खोली करून राहायचे आणि शनिवारी वसईजवळच्या सांडोर गावी घरी यायचे. महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. युरोपात मोठमोठ्या नव्या कचेऱ्या उघडत होत्या, त्यांना इंग्रजी टाइप करणारी माणसं हवी होती. बाबांच्या साहेबानं शिफारस केली आणि एक सोडून दोन ठिकाणांहून होकार आला. एक रोम, दुसरं जिनिव्हा. नोकरी चार वर्षांची, बायकामुलांना नेता येणार होतं. कुठं जायचं ते महिन्याभरात कळवायचं होतं.

आमच्या गावाला यात ठरवण्यासारखं काही दिसतच नव्हतं. ख्रिस्ती माणसाला कोणी आपण होऊन रोमला बोलावतंय, आणि तो दुसऱ्या गावाचं नाव तरी काढील का? आई वाडीतली केळी घेऊन वसईच्या बाजारात बसायची. तिच्या शेजारी टोपल्या मांडणाऱ्या बायकांनी आपापल्या जपमाळा आत्ताच आणून दिल्या, पोपच्या हातून आशीर्वाद घेऊन परत पाठव म्हणून. एका शेजारणीला दमा होता. तिनं दम्याची सगळी हकीकत आईकडून दोनदा म्हणून घेतली, पोपना सांगताना काही राहायला नको. आईही मान हलवत ऐकायची. पोप दुपारचे ओट्यावर रिकामेच बसलेले असतात अशी सगळ्यांची समजूत होती.

घोडं अडलं ते शाळेवर. साहेबाची मुलं जिनिव्हाला शिकलेली, त्यामुळे तिथली माहिती बाबांना बसल्या जागी मिळाली. बाहेरून आलेल्या कुटुंबांसाठी तिथं एक शाळा होती. नाना देशांची पोरं. भाषा येत नसली तरी वयाप्रमाणे वर्गात बसवायचे आणि दुपारी इंग्रजीची वेगळी शिकवणी द्यायचे. पण मुलं-मुली एका बाकावर, धर्माचा तास नाही, आणि शुक्रवारच्या उपासालासुद्धा ताटात मांस. हे शेवटचं ऐकून आईनं कानावर हात ठेवले. रोमची शाळा सिस्टरांची होती. रोज सकाळी मिस्सा, शिक्षण इंग्रजीत, शिस्त कडक, म्हणजे आईला हवं ते सगळं. अट एकच होती. ज्याला इंग्रजी येत नाही त्यानं अगदी पहिलीपासून सुरुवात करायची, मग वय काही का असेना.

माझा भाऊ सहा वर्षांचा होता. त्याचं कुठंच अडत नव्हतं. मी बारा वर्षांची. घरी आमची बोली, शाळेत मराठी, देवळात लॅटिन, आणि इंग्रजीची गाडी 'गुड मॉर्निंग'च्या पुढे सरकत नव्हती. आमच्या मराठी शाळेत इंग्रजी होतंच कुठं?

एका रविवारी दुपारी मी वाडीत केळीची पानं कापत होते. पलीकडे विहिरीशी आई आणि बाबा बोलत होते. मी त्यांना दिसत नव्हते.

"रोम घेतलं तर मोठीला इथंच ठेवावं लागेल," आई म्हणाली. "वसईला, सिस्टरांच्या बोर्डिंगात. चार वर्षं काय, बघता बघता जातील."

"आणि जिनिव्हा घेतलं तर?"

"पोपच्या दारावरून पुढे जाऊन भलत्याच गावात संसार मांडायचा? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

बाबा म्हणाले, "बघू." बाबांचं 'बघू' म्हणजे आईच्या म्हणण्याला 'हो' असायचं.

मी पानं तिथंच टाकली आणि देवळाच्या रस्त्यानं धावत सुटले. अर्ध्या वाटेत कळलं की मला कुठं जायचंय तेच ठाऊक नाही. परत आले. पानं का सांडलीस म्हणून बोलणीही खाल्ली.

त्यानंतर मला चैन नव्हतं. घास अर्धा टाकून उठायचे, उठले की कशाला उठले ते आठवायचं नाही. घरात बोलायची सोय होती, पण मी बोलले नाही. मोठ्यांचं चोरून ऐकणं हा आमच्याकडे गुन्हा होता, हे एक. आणि खरं सांगू? मला राग आला होता. ज्यांचं माझ्यावाचून चार वर्षं चालणार आहे त्यांच्यापुढे पदर पसरायचा कशाला? मी थेट वर अर्ज केला. रोज संध्याकाळी मरियामातेपुढे गुडघे टेकून मागायचे, रोमला काही होऊ नये, पोप सुखात राहोत, पण तिथली ती टायपिस्टाची जागा तेवढी दुसऱ्या कोणाला तरी मिळू दे.

मागायला लागले तशी भीतीही वाटायला लागली. पोपच्या गावाविरुद्ध मागणं म्हणजे पापच की. आणि पापावरूनच मला युक्ती सुचली. आमचे फादर तरुणपणी रोमला शिकलेले, गावात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी आईला एकदा सांगितलं की, पोरीला सोडून जाऊ नको, तर आई जिनिव्हा काय, चंद्रावरसुद्धा बिऱ्हाड करील. मग हे त्यांच्या कानावर घालायचं कसं? शनिवारी देवळात पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करायला जाऊन. मला ती जवळची वाट वाटली.

शनिवारी जाळीपलीकडे अंधारात बसलेल्या फादरांपुढे मी सगळं ओकले. बोर्डिंग, पहिलीचा वर्ग, माझी प्रार्थना. 

"हे पाप नाही, बाय," फादर म्हणाले. "पण तू घरी का नाही बोललीस?"

"तुम्ही सांगा ना आईला."

"आता कसं सांगू? इथं ऐकलेलं इथंच राहतं. मला ते बाहेर उच्चारायचा हक्क नाही. बाहेर ओट्यावर सांगितलं असतंस तर आत्ता उठून तुझ्या घरी आलो असतो."

धर्मशिक्षणाच्या वर्गात हे मी स्वतः घोकून म्हटलं होतं. पापनिवेदनात ऐकलेलं पाद्री मेला तरी फोडत नाही. पण ते दरोडे आणि खुनांसाठी असेल असं मी धरून चालले होते. सगळ्या गावात मला मदत करू शकणारा एकच माणूस होता आणि त्याच्या तोंडाला मीच कुलूप घातलं होतं. तेच बाहेर पुन्हा सांगितलं तर ते कुलूप निघेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. मला स्वतःचे केस उपटावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर आई आम्हा सगळ्यांना घेऊन फादरांच्या ओट्यावर गेली. होकार कळवायचे दिवस संपत आले होते, तिला फादरांच्या तोंडून शेवटचा शब्द हवा होता. तो कोणता येणार याबद्दल तिला शंकाच नव्हती. फादर रोमचं नाव निघालं की तासभर थांबायचे नाहीत, तिथल्या पायऱ्या, कारंजी, घंटा.

"फादर, रोमच ना?" आईनं विचारलं.

फादरांनी तपकिरीची डबी उघडली, मिटली, परत उघडली. माझ्याकडे चुकूनही बघितलं नाही.

"मला यात विचारू नका," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुमचं तुम्ही ठरवा. मी बोलणार नाही."

आई गोंधळली. बाबा घसा खाकरून म्हणाले, "शाळा तर चांगली आहे ना हो तिथली?" फादर कठड्याबाहेर बघत राहिले.  शब्द ओठाशी येऊन माघारी जात होते, ते मला दिसत होतं. आई म्हणाली, "नको म्हणत नाहीत म्हणजे हरकत नाही. चला, रोमच कळवून टाका." आणि पदर सावरून उठली.

ती उठली आणि मी बोलले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"मला बोर्डिंगात ठेवू नका. मला न्या."

आई गर्रकन वळली. "तुला कोणी सांगितलं?"

"मी ऐकलं. विहिरीशी. आणि मी रोज मागते की रोमची नोकरी जाऊ दे."

 आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटले. बसली नाही. आई माझ्यापुढे उकिडवी बसली आणि मला दंडाला धरून हलवायला लागली.

"अगं, तुला टाकून जायची हौस आहे का मला? तिथं तुला याच्या वर्गात बसवतील, याच्या!" तिनं भावाकडे बोट केलं. "बारा वर्षांची घोडी, सहा वर्षांच्या पोरांच्या बाकावर. हसतील सगळे. तुला लाज नाही वाटायची?"

"वाटेल," मी म्हणाले. "पण संध्याकाळी तुम्ही घरी असाल ना."

आईचे हात माझ्या दंडावरून सुटले. ती तिथंच फादरांच्या फरशीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. फादरांनी आधी एक लांब श्वास सोडला, मग आत वळून सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला, आणि मग एकदाचं माझ्याकडे बघितलं.

आम्ही रोमलाच गेलो, चौघंही. मला पहिलीत बसवलं, शेवटच्या बाकावर, भावाशेजारी. माझे गुडघे बाकाखाली मावत नसत, ते मी बाहेर काढून बसायचे. पोरं हसायची. लाज वाटली, चांगली वर्षभर वाटली. पण शाळा सुटायच्या किती तरी आधीपासून आई आपल्या लाल लुगड्यात फाटकाशी येऊन उभी असायची. सिस्टर तिला आत बसायला बोलवायच्या. ती जायची नाही. आत गेले तर पोरीला वर्गातून मी दिसायची नाही, असं ती त्यांना आमच्या सांडोरच्या बोलीत सांगायची.