तिसरी वाट

एकोणीसशे साठ सालानंतर मी कोकण किनाऱ्यावर आचऱ्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. एका पावसाळी दुपारी मी बॅटरीला रोधक तारेचं एक वेटोळं जोडलं, तेव्हा प्रवाह मोजणाऱ्या मीटरचा काटा थोडा हलला. तसंच दुसरं वेटोळं समांतर जोडल्यावर तो दुप्पट पुढे गेला.

"बाई, अडथळा वाढवल्यावर प्रवाह कसा वाढला?" मुलींनी विचारलं.

"विजेला जायला आणखी एक वाट मिळाली ना!" मी म्हणाले.

तेवढ्यात काटा आपोआप पुढे सरकू लागला. मी घाबरून दोन्ही वेटोळी काढली, तरी तो शून्यावर येईना. मग दिसलं, की कौलं गळून टेबल भिजलं होतं आणि तारांची उघडी टोकं टेबलाच्या ओल्या फळीवर टेकली होती. लाकडात मीठ मुरलेलं असणार. त्यातूनच वीज वाहत होती.

"ह्या फळीत मीठ कुठून आलं?" मी विचारलं.

पहिल्या बाकावरची मुलगी उठून टेबलाजवळ आली. "बाई, ही आमच्या होडयेची फळी. आयेन शाळेक दिली. होडी परत इली, बापूस इलो नाय."

मी तारा उचलल्या आणि काटा शून्यावर आला. ती मात्र ओल्या फळीवर तळहात टेकून उभी राहिली. तिला जागेवर जा म्हणायचा मला धीर झाला नाही.