मुहूर्तावर सुटणारा निळा धूर

आमच्या गाडीच्या धुराबद्दल मत नसलेला माणूस आमच्या गल्लीत शोधून सापडला नसता. समोरच्या काकांच्या मते धूर पांढरा होता, म्हणजे इंजिनात पाणी शिरलं होतं. दूधवाल्याच्या मते काळा होता, म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि दूधवाला उजाडायच्या आत येऊन जायचा, पण तेवढ्यावरून कुणी मत द्यायचं थांबत नाही. धूर निळा होता. गाडी मी चालवायचे, आणि मागच्या आरशात तो सगळ्यात जास्त मलाच दिसायचा. मला मात्र कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायची मला सवय नाही.

गाडी बाबांची. माझ्यापेक्षा थोडीच लहान असेल. बाबा भिक्षुकी करतात. घर अमरावतीत आणि निम्मे यजमान अकोल्यात, कारण लग्नाआधी ते तिकडेच राहायचे आणि सत्यनारायण सांगणारा माणूस लोक डॉक्टरसारखा सहसा बदलत नाहीत. दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून त्यांना बसची पायरी चढता येत नाही आणि क्लचही दाबता येत नाही. माझं काम घरून, लॅपटॉपवर चालतं. त्यामुळे घरच्यांच्या मते मी रिकामीच असते. आठवड्यातून दोनदा मी बाबांना अकोल्याला नेते आणि पूजा होईपर्यंत गाडीतच लॅपटॉप उघडून बसते. बाहेर बसलं की आत जाऊन 'सध्या काय करतेस' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागत नाही.

गाडीला निघताना धूर यायला लागून वर्ष झालं होतं. मग एका वास्तुशांतीच्या दिवशी, नव्या बंगल्याच्या गेटाशी वळण्यासाठी गाडी बराच वेळ चालूच ठेवून उभी करावी लागली आणि ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर मागे ढग उठला. यजमान स्वागताला बाहेर आले होते. सोबत पंचवीस-तीस पाहुणे.

"गुरुजी, हवन अंदर करा लागते ना," यजमान म्हणाले. "तुमी तं गेटापासूनच चालू केलं."

सगळे हसले. बाबाही हसले. पूजा त्यांनी नेहमीसारखी खणखणीत आवाजात सांगितली. परतताना मूर्तिजापूर मागे पडल्यावर म्हणाले, "आता अकोला बंद करावं म्हणतो."

एवढंच. पण बाबांचं अकोला बंद म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. अकोल्याच्या दिवशी ते दाढी दोनदा करतात. बाकीचे बहुतेक दिवस खुर्चीत बसून मोबाईलवर लोकांची भाषणं ऐकतात. त्यांना त्या खुर्चीत कायमचं बसवायला ही एक गाडी जाणं पुरेसं होतं.

घरात बातमी पोचली आणि मोठ्या बहिणीचा नवरा मदतीला धावला. भाऊजींकडे प्रत्येक जुन्या वस्तूसाठी एक माणूस असतो. फ्रिजसाठी एक, पुस्तकांसाठी एक. गाडीसाठीही निघाला. तो रविवारी येणार होता आणि गाडी भंगारात घेऊन जाणार होता. "बाबा, उगाच जीव अडकवू नका," भाऊजी म्हणाले. त्यांची स्वतःची गाडी इतकी नवी आहे की मागच्या सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

तरी बाबांनी एकदा मिस्त्रीला दाखवायचं ठरवलं. मिस्त्रीनं निदान करायला जितका वेळ घेतला तितका आमच्या कोपऱ्यावर पान लावायला लागतो. गाडी चांगली पळून गरम होऊन गॅरेजला पोचली होती आणि अशा वेळी तिच्या सायलेन्सरमधून काहीही येत नसे. ते त्यानं पाहिलंही नाही.

"गुरुजी, ऑइल पिते का गाडी?"

"पिते. महिन्यातून एकदा टाकावं लागतं."

"मंग पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन खोला लागते पूर्ण." मग माझ्याकडे वळून, "ताई, तुमी खुर्चीवर बसा. इथं हात काळे होतीन."

मी खुर्चीवर बसले. इंजिन पूर्ण खोलणं म्हणजे गाडीच्या वयाला न शोभणारा खर्च, असं बाबा आणि मिस्त्री यांचं एकमत झालं. गाडीचा निकाल लागला, आणि ज्या धुरावरून लागला तो धूर निकाल देणाऱ्यानं बघितला नव्हता.

मी तो वर्षभर बघत होते. हायवेवर ट्रकच्या पुढे जाताना पाय पूर्ण दाबला तरी आरसा स्वच्छ असायचा. रिंगा झिजल्या असत्या तर इंजिनावर जोर आला की धूर यायला हवा. आमच्याकडे उलटं होतं. बडनेऱ्याच्या पुलावरून उतरताना पाय काढायचा आणि खाली येऊन पुन्हा दाबायचा, की थोडा निळा धूर. सकाळी पहिल्यांदा चालू केली की थोडा. आणि खरा मोठा धूर घराच्या फाटकाशी, निघताना.

याला कारण बाबांचं प्रस्थान. मुहूर्तावर निघणं जमणार नसेल तर त्या वेळेला सुपारी-तांदळाची पुरचुंडी घराबाहेर नेऊन ठेवायची आणि आपण निघालोच असं धरायचं, ही जुनी सोय. बाबांनी ती सुधारून घेतली होती. मुहूर्ताला ते मला गाडी चालू करायला सांगायचे. गाडी चालू झाली म्हणजे प्रस्थान झालं. त्यानंतर त्यांची आंघोळ, संध्या, चहा, चष्मा शोधणं, आईशी पळी-पंचपात्रावरून वाद. अर्धा तास गाडी जागेवर गुरगुरत उभी. मग बाबा बसायचे, मी पाय दाबायचे आणि समोरच्या काकांच्या व्हरांड्यातलं काही दिसेनासं व्हायचं.

इंग्रजी शाळेत चौदा वर्षं घालवून मला दुकानदाराशी भाव करता येत नाही की परक्या बायकांना 'येते हं' म्हणता येत नाही, पण परदेशातल्या जुन्या गाडीवाल्यांचं इंटरनेटवरचं लिहिणं भराभर वाचता येतं. तिथं माझ्या आरशातलंच वर्णन होतं. इंजिनाच्या वरच्या भागात व्हॉल्व्हवर रबराच्या छोट्या टोप्या, म्हणजे सील, असतात, त्या वयानं कडक होतात. गाडी बराच वेळ नुसती चालू ठेवली की तिथून ऑइल थेंबथेंब आत झिरपतं आणि ॲक्सिलरेटर दाबला की एकदम जळतं. म्हणजे प्रस्थान.

हे बाबांना सांगायचं मी ठरवलं आणि शेजारच्या खोलीतून त्यांना व्हॉट्सॲप केलं. उत्तर म्हणून जोडलेले हात आले. बाबा सगळ्यालाच ते पाठवतात. जेवताना मी तोंडानं म्हटलं, "बाबा, मला वाटतं रिंगा नाही गेलेल्या."

"तो तीस वर्षं हेच करतो," बाबा म्हणाले.

"तिला बोलू तरी द्या," आई म्हणाली आणि मग जेवण होईपर्यंत आईच बोलली.

शनिवारी आम्ही पुन्हा गॅरेजला निघालो. कारण बॅटरी गेल्याच वर्षी बदलली होती आणि ती भंगारवाल्याला फुकट जाण्याआधी काढून घ्यावी असा भाऊजींचा सल्ला होता. गॅरेजसमोर मी गाडी उभी केली आणि बंद केली नाही.

"बंद करा ताई," मिस्त्री म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. मग पाठ केल्यासारखं, एका दमात: "वीस मिनिटं स्लोवर चालू राहू द्या. मग रेस द्या. तुम्ही मागे उभं राहून बघा."

आजूबाजूला पाचसहा जण होते. एक म्हणाला, "ताई व्हिडिओ पाहून आल्या वाटते." दुसऱ्यानं विचारलं, "गुरुजी, ताईले गॅरेज टाकून देऊन राहिले का तुमी?" माझे कान इतके गरम झाले की त्यांच्यावर पाणी उकळलं असतं. मिस्त्रीनं बाबांकडे पाहिलं. मोठा माणूस काय म्हणतो ते कळल्याशिवाय त्याला हलायचं नव्हतं.

"राहू दे चालू," बाबा म्हणाले. "चहा सांग."

वीस मिनिटं बसून राहणं बाबांना नवीन नाही, यजमानाचा मुलगा आंघोळ करून येईपर्यंत ते नेहमीच बसतात. चहा झाला. मिस्त्री सायलेन्सरमागे जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी पाय दाबला.

समोरची चहाची टपरी गेली. मिस्त्रीही गेला. निळ्या धुरातून त्याचा खोकला तेवढा ऐकू येत होता. मी पुन्हा रेस दिली, धूर निम्मा. तिसऱ्यांदा दिली, काहीच नाही.

मग मिस्त्री मागच्या सीटवर उलटा बसला, मागच्या काचेला नाक लावून, आणि मी त्याला बायपासवर जोरात नेऊन आणलं. काच स्वच्छ राहिली. परत आल्यावर त्यानं चारही प्लग काढले आणि त्या जागी एकेक करून प्रेशरचं मीटर लावलं. आकडे जवळपास सारखे. प्रत्येकात थोडं ऑइल ओतून पुन्हा लावलं. रिंगा गेल्या असत्या तर आता प्रेशर वाढायला हवं होतं. वाढलं नाही.

"रिंगा तं चांगल्या हायेत," तो म्हणाला. आणि बाबांना, "मले त्या दिवशीच वाटलं होतं, सील असतीन म्हनून. रबर हाये गुरुजी, वयानं कडक होते. तुमच्या गुडघ्यावानी."

"माझे गुडघे राहू दे. हे बदलतात का?"

"बदलते. इंजिन खोला नाही लागत. पन इतका वेळ स्लोवर गाडी काहून ठेवता तुमी?"

"मुहूर्त असतो," बाबा म्हणाले. मिस्त्रीनं मान डोलावली. यावर वाद घालायला तो अमरावतीत नवा नव्हता.

बाबांनी तिथूनच भाऊजींना फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर असतो.

"गाडी द्यायची नाही."

"अहो बाबा, पण तो माणूस उद्या येऊन राहिला ना."

"येऊ द्या. चहा पाजू त्याला. बॅटरीही गाडीतच राहील."

मंगळवारी गाडी मिळाली. गुरुवारी बाबांनी दोनदा दाढी केली. मूर्तिजापूरपर्यंत मी रस्त्यापेक्षा आरसाच जास्त पाहिला असेन. त्यात फक्त मागून येणारे ट्रक होते. अकोल्यात एका घरी पूजा होती. गाडी लावून मी लॅपटॉप उघडायच्या बेतात होते, तर बाबा उतरता उतरता यजमानांना सांगत होते, "आमचा मिस्त्री फार हुशार. बाकी सगळे रिंगा रिंगा करत होते. त्यानं मागे उभं राहून एकदा पाहिलं आणि सांगितलं."

मग ते थांबले. घराच्या दारात एक हात काठीवर आणि एक चौकटीवर ठेवून मागे वळले.

"चल आत," मला म्हणाले. "उन्हात काय बसतेस."

मी गाडी लॉक केली आणि आत गेले. दोन मिनिटांत मला विचारण्यात आलं, सध्या काय करतेस.