आई फोटोत येणारच

मंडळी, नाताळच्या सुट्टीत कुठं गेलात म्हणून सगळे विचारतायत. आम्ही कुठंच गेलो नाय. आईला गावाकडून, देवगाव रंगारीहून, चिकलठाण्याला आमच्या घरी आणलं, एवढंच.

आज सकाळी तिनं बाजरीच्या भाकरी थापल्या, मी वांग्याचं भरीत केलं आणि डबा घेऊन इथल्या विद्यापीठामागच्या बौद्ध लेण्यांत गेलो. जन्म याच जिल्ह्यात गेला, पण सत्तरीतली आई तिथं आज पहिल्यांदा आली.

मोठ्या बुद्धमूर्तीसमोर हात जोडून ती हळू आवाजात वंदना म्हणायला लागली. मागून एक पर्यटक म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा ना. फोटोत येताय."

आणि मी, तिचा शिकलेला लेक, सवयीनं तिचा दंड धरून तिला बाजूला घ्यायला लागलो. सांगायला लाज वाटते.

आईनं माझा हात झटकला. वंदना पूर्ण केली. मग वळून त्याला शांतपणे म्हणाली, "लेकरा, बाजूला व्हायचं आमी कवाच सोडलंय."

नंतर खाली झाडाखाली बसून आम्ही भाकरी-भरीत पोटभर खाल्लं.

फोटो टाकलाय. मधोमध आईच आहे. तिच्यामुळं कुणाला मूर्ती नीट दिसत नसेल, तर त्यानं बाजूला व्हावं.