मुरलेल्या माणसांचा पिक्चर

हळदीकुंकवाला जपानी भुताचा पिक्चर लावणारी रोह्यातली पहिली बाई मी. दुसरी अजून झालेली नाही आणि व्हायची लक्षणंही नाहीत. हे मी मिरवून सांगते, कारण त्या दिवसापर्यंत दोन वर्षं मी त्या पिक्चरपायी घरीदारी बोलणी खाल्ली होती.

पिक्चर मला मिळाला नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या भाभीकडून. भाभी माझे ब्लाउज शिवायची. तिचा नवरा कुवेतला होता. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत एकदा तो सुटीवर आला तो व्हीसीआर घेऊन, आणि सोबत तिथल्या खोलीतल्या कुणा फिलिपिनोने मागे टाकलेल्या चार-पाच कॅसेटी. मी ब्लाउज आणायला गेले तेव्हा भाभीने त्यातली एक माझ्या पिशवीत कोंबली.

"ने गो ही. माझ्या घरात नको. ह्याच्यात बरणी माणूस खाते."

बरणी माणूस खाते म्हटल्यावर मी मागे ठेवते होय? मी मूळची पेणची. माहेरी पापड-लोणच्यांचा घरगुती धंदा. त्या चार दिवसांत बरणीला शिवू नको, ओला हात लावू नको, सावली पाडू नको, हे ऐकतच मी वाढले. बाईने बरणीला घाबरायचं असतं हे मला चांगलं ठाऊक होतं. बरणीने अख्ख्या गावाला घाबरवावं, हे मात्र नवीन होतं.

डोंगरातलं एक गाव. तिथे एक विधवा म्हातारी आणि तिच्या ओसरीवर पुरुषभर उंचीच्या सात बरण्या. वजनमापं तपासणारा सरकारी माणूस येतो, बरणीत डोकावतो, आणि बरणी त्याला बुटांसकट आत घेते. कुठून तरी एक धोंडा उडत येतो आणि झाकणावर बसतो. तीन दिवसांनी साहेब बाहेर येतात ते हिरवेगार, आणि एकदम खुशीत. कशाबद्दल म्हणून तक्रार नाही. मग पोस्टमनची पाळी, मग न्हाव्याची. पांढरे मुळे दोन पायांवर चालत भाजीला जातात. चंद्र निखळून तिसऱ्या बरणीत पडतो आणि म्हातारी त्याला मीठ चोळते. आकाश म्हणजे चक्क रंगवलेलं कापड, त्याच्या सुरकुत्या दिसतात. भीती वाटता वाटता हसू फुटतं, आणि हसता हसता पाठीतून एकदम गार वाटतं. शेवटी गाव सगळं हिरवं झाल्यावर म्हातारी स्वतः सातव्या बरणीत उतरते, झाकण आतून ओढून घेते, आणि आकाशाची घडी होते.

खाली इंग्रजी अक्षरं नाहीत, काही नाही. जपानीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पहिल्यांदा बघितला तेव्हा मी जागची हललेच नाही. दूध उतू गेलं, त्याचा वास आला, तरी हलले नाही. असलं काही माणसाच्या डोक्यातून निघू शकतं, आणि त्याला पैसे घालून कुणी पिक्चर काढतं, याचा मला इतका आनंद झाला की कुणाला तरी धरून सांगावंसं वाटलं.

सांगणार कोणाला? नवरा कंपनीत नोकरीला. तो न्हाव्यापर्यंत पोचला आणि घोरायला लागला. पेणला भाऊ लग्नाची व्हिडिओ शूटिंग करायचा, म्हणजे या धंद्यातला माणूस. तो म्हणाला, "ताई, ह्याला ना शेंडा ना बुडखा." शेजारीण मुळे चालायला लागले तेव्हा उठली ती उठलीच. दोन वर्षांत मी नऊ जणांना बसवलं आणि नऊही जण अर्ध्यातून गेले. मला दुसरं काही नको होतं. एका माणसाने, फक्त एका माणसाने, हा पिक्चर माझ्याबरोबर शेवटपर्यंत बघावा. आवडलेली गोष्ट एकटीने किती दिवस आवडून घ्यायची? आपल्यालाच वेड लागलंय की काय, असं वाटायला लागतं.

आमच्या कंपनीच्या वसाहतीत महिला मंडळ होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी काहीतरी कार्यक्रम असायचा: उखाणे, पाककृती, नाहीतर कुणीतरी येऊन आहारावर बोलायचं. त्या वर्षी बैठकीत मी हात वर केला आणि म्हटलं, पिक्चर लावू या. कुठला, म्हटल्यावर सांगितला. बायका हसल्या. मंडळाच्या अध्यक्ष हसल्या नाहीत. त्या मोठ्या साहेबांची बायको, सगळे त्यांना मॅडमच म्हणायचे. बोलणं शुद्ध, साडीची घडी कधी मोडलेली नाही.

"सणाच्या दिवशी भुतं?" त्या म्हणाल्या.

"मॅडम, लोणच्याचा पिक्चर आहे," मी म्हटलं. "आणि एक बाई उठून गेली तर यापुढे मी बैठकीत तोंड उघडणार नाही."

हे मी आपलं भरात बोलून गेले. पण मॅडमनी ते उचललंच. "लिहून घ्या," त्यांनी सेक्रेटरीला सांगितलं. "एक बाई उठली तरी."

आता कॅसेट बघायला काढली, तर पावसाळ्यात तिला बुरशी धरलेली. खाडीच्या हवेत कॅसेटीही लोणच्यासारख्याच, लक्ष नसलं की पांढरी बुरशी. साफ करायला मी ती पेणला भावाकडे पाठवली आणि बजावलं, हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी आणून दे. आदल्या दिवशी तो आलाच नाही. हळदीकुंकवाच्याच दिवशी दुपारी निघाला, तर नागोठण्याला एसटीचं टायर बसलं. मी रोह्याच्या स्टँडवर जीव मुठीत धरून उभी. कार्यक्रम चारला, हा उतरला साडेतीनला. कॅसेट हातात दिली आणि जमिनीकडे बघायला लागला.

"काय केलंस?"

"साफ झाली. फक्कड चालते."

"काय केलंस ते सांग."

त्याने सांगितलं ते असं. गेल्या आठवड्यात पेणला एका हॉलमध्ये साखरपुडा होता. अंगठी घालायच्या वेळीच त्याची कोरी कॅसेट संपली. पिशवीत माझी होती. साफ करून तपासताना अर्ध्यावर थांबवलेली. तिची मागची प्लास्टिकची पट्टी मोडलेली होती, म्हणजे तिच्यावर नवं काही उतरूच नये, तर या बहाद्दराने तिथे चिकटपट्टी लावून वीस मिनिटं साखरपुडा उतरवला होता.

"पन ताई, सुरुवात हाय, शेवट हाय. मधलंच गेलंय. मधलं तसं पन कोन बघतं?"

सख्खा भाऊ नसता तर त्याला मी तिथेच कुंडलिका नदीत ढकलला असता. वर हा मला सांगतो, साखरपुडा छान आलाय. मी रडले नाही. रडायला वेळच नव्हता. रिक्षात बसले आणि ठरवलं, लावायचाच. नाक मुठीत धरून मॅडमकडे जाण्यापेक्षा नाक कापलेलं बरं.

वसाहतीच्या हॉलमध्ये चाळीसेक बायका सतरंजीवर, मॅडम पुढे खुर्चीवर. भाभी अष्टमीहून आपला व्हीसीआर मांडीवर धरून आली होती. तिने वायरी जोडल्या आणि पाठ टीव्हीकडे करून दाराशी बसली. "मी नाय बघनार. तुज्यासाठी आले." मी एवढंच सांगितलं की भाषा कळणार नाही, विचारू नका, मीच अधूनमधून सांगते. आणि लावला.

सरकारी माणूस बुटांसकट आत गेला तेव्हा कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. धोंडा उडत आला तेव्हा हसू फुटलं. आमच्यातल्या निम्म्या जणींनी लोणच्यावर दगड ठेवलेला, त्यांना जपानी कशाला कळायला हवं? मुळे चालले तरी कुणी उठलं नाही. माझा श्वास जरा मोकळा झाला. न्हावी बरणीत गेला, पडद्यावर मुंग्या आल्या, खर्र झालं, आणि समोर पेणचा हॉल. झालर, स्टीलची ताटं, सनई.

"अय्या, हे काय? साखरपुडा?" सगळ्या बायका एकदम पुढे सरकल्या. आता खरं संकट हे. जपानी भुतापेक्षा बायकांना साखरपुडा प्यारा. कुणाचा, पैठणी आहे की सेमी, मुलीला काय घातलं, सुरू झालं. माझा पिक्चर वीस मिनिटांत मेला असता आणि त्याचं कुणाला सुतकही पडलं नसतं.

मी उठले, आवाज बंद केला आणि टीव्हीशेजारी उभी राहिले. गेलेल्या भागात काय होतं ते मला पाठ होतं: मुरलेली माणसं आपापल्या घरी परत येतात, धुऊन-पुसून माणसांत बसतात, आणि घरच्यांना काही पत्ता लागत नाही. मी म्हटलं, "गप्प बसा आणि नीट बघा. हे सगळे मुरलेले आहेत."

"म्हणजे?"

"बरणीतून बाहेर आलेत. ओळखायचं कसं? कारण नसताना हसतात."

आणि देवाची करणी बघा. साखरपुड्याच्या शूटिंगमध्ये माणसं काय करतात? कॅमेरा आला की हसतात. दिवा डोळ्यांवर, गाल ताणलेले, हलत नाहीत, बोलत नाहीत, नुसती हसतात. त्यात भावाच्या कॅमेऱ्यात ट्यूबलाइटखाली सगळ्यांचे चेहरे हिरवट आलेले. मी एकेकाला बोट लावत गेले. हा सफारीवाला, न्हाव्याच्या आधीचा, अजून मानेशी मीठ आहे. ही आजी, दोनदा मुरली, पहिल्यांदा कच्ची निघाली. नवरामुलगा? तो अजून नाही, बघा कसा घाबरलाय, त्याला माहीत आहे. मागच्या बायकांनी एकमेकींचे हात धरले. एक जण तर "त्या पोराला सांगा गो कोनीतरी," म्हणाली.

तेवढ्यात कॅमेरा फिरला, आणि पडद्यावर पेढ्यांचं ताट घेऊन आमच्या अध्यक्ष. मॅडम. नवऱ्यामुलाची मावशी, हे नंतर कळलं. हिरव्या. हसतायत.

चाळीस माना पडद्यावरून खुर्चीकडे वळल्या. संपलं, म्हटलं, उद्यापासून वसाहतीत राहणं कठीण. पण जीभ माझी, ती कधी माझं ऐकते? ती बोलून गेली, "आणि या मंगळवारी मुरल्या."

मॅडम खुर्चीत हळूहळू मागे वळल्या, बायकांकडे तोंड केलं, आणि हसल्या. तेच हसू. डोळे न मिटता, गाल ताणून, एकेकीकडे बघत. अशी किंकाळी उठली की गेटवरचा वॉचमन काठी घेऊन धावत आला. भाभी कधी टीव्हीकडे तोंड फिरवून बसली होती मला कळलंच नाही, पण ती सगळ्यात मोठ्याने ओरडली. मॅडम पुढे वळल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चालू द्या."

त्या क्षणी मला त्या बाईबद्दल जे वाटलं ते अजून कुणाबद्दल वाटलेलं नाही. मी पुढची दहा मिनिटं अशी बोलले की तोंडाला फेस आला.

मग पुन्हा मुंग्या, पुन्हा खर्र, आणि डोंगरातलं गाव परत आलं. बायका ओरडल्या, "बंद करा ते, वहिनी. तुम्हीच सांगा, तुमचंच भारी." खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं. पण मग रागच आला. मी दोन वर्षं जीव टाकला तो माझ्या बडबडीसाठी नव्हे. मी म्हटलं, "अजिबात नाही. आता तोंडं मिटा आणि बघा." आवाज मोठा केला आणि सतरंजीवर त्यांच्यात जाऊन बसले.

त्यांनी बघितलं. चंद्राला मीठ लावताना कुणी हसलं नाही, मीही नाही. म्हातारीने पायऱ्या झाडल्या, ओसरी सारवली, वहाणा जोडून ठेवल्या आणि सातव्या बरणीत उतरली. आतून झाकण ओढलं. आकाशाची घडी झाली. पडदा निळा पडला तरी कुणी उठलं नाही. मी मोजत नव्हते, पण मला दिसत होतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता पैजेचं काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "त्या बाईने झाकण आतून का लावलं?"

दोन वर्षं हाच प्रश्न माझ्या डोक्यात फिरत होता. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना. तो कुणी मला विचारील असं मला कधी वाटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, सगळ्यांसमोर, आणि मी लपवलेही नाहीत. "मला पण नाय माहीत, मॅडम," मी म्हटलं.

"एकटी उरली म्हणून," मागून कुणी म्हणालं. "छट्, उरली कुठे, गाव होतं की." "गावाला कंटाळली." भाभी दाराशेजारून म्हणाली, "सगल्यांना तिने भरलं. तिला कोन भरनार? तिनेच भरून घेतलं." मॅडमना ते पटलं नाही. त्या खुर्चीवरून उठून खाली सतरंजीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या की तसं नाही, तिला फक्त एक दार हवं होतं जे तिला आतून लावता येईल. यावर दोघी-तिघी एकदम बोलायला लागल्या. हळदीकुंकवाचं तबक तसंच राहिलं, तिळगूळ तसाच राहिला.

साडेपाचला जनरल शिफ्टची बस आली. घरांना कुलपं आणि चाव्या बायकांच्या कमरेला, त्यामुळे पुरुष एकेक करून हॉलच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांच्यात आमचे हेही होते. यांनी आत डोकावून हळूच विचारलं, "संपला नाय का अजून?"

"संपला," मॅडम मागे न बघता म्हणाल्या. "बाहेर थांबा, आमचं बोलणं चाललंय."

मी दारापर्यंत गेले, यांच्या हातात चावी दिली, चहा करून घ्या म्हटलं, आणि परत येऊन माझ्या जागेवर बसले.