दारासमोरचा धुण्याचा दगड

आमच्या दाजीबानपेठेत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे लग्नात पहिल्या पंगतीला पान मिळणं. माझ्या कापडाच्या दुकानाच्या दारात रोज कुणीतरी मोटरसायकल आडवी लावायचा आणि दिवसभर गायब व्हायचा. गिऱ्हाइकानं आत यायचं कुठून? पाटी लावली, तर तिच्यावरच कुणी हेल्मेट अडकवलं. कुंड्या ठेवल्या, त्या चोरीला गेल्या. मी मुळात तापट. एका सकाळी घरच्या परसातला धुण्याचा दगड हातगाडीवरून आणला, दाराजवळ रस्त्याच्या कडेला उभा केला आणि त्याला शेंदूर फासला.

बायको म्हणाली, "अहो, असलं करू नये."

"पोलिसाला भीत नाहीत, देवाला तरी भितील," मी म्हणालो.

भ्याले. दुसऱ्या दिवसापासून दार मोकळं. महिनाभर मी स्वतःच्या अकलेवर खूश होतो.

मग दगडावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं. मग हार आले. एकदा शटर उघडताना पाहतो, तर दगडाला चांदीचे डोळे बसवलेले. मला ते डोळे आवडले नाहीत. मंगळवारी रांग लागू लागली, आणि दर्शनाला येणाऱ्यांच्या गाड्या पुन्हा माझ्याच दारात. देवाकडे आलेल्याची गाडी हलवा म्हणणार कोण? दुकानात येणाऱ्या बाईला रांगेतले लोक चप्पल काढायला लावत. गिऱ्हाईक तुटलं. दगड उचलून घरी न्यावा असं रोज वाटे, पण हात लावायचा धीर होईना. माझे बनियन याच दगडावर आपटले जायचे, हे सांगायचं कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

गेल्या आठवड्यात पेठेतल्या मिरवणुका, वर्गण्या पाहणारा पुढारी चार माणसं आणि मोजायची टेप घेऊन आला. दगडाभोवती कट्टा बांधायचा, वर पत्रे घालायचे. त्यांनी खडूनं ओढलेली रेघ माझ्या दारासमोरून सरळ विजेच्या खांबापर्यंत गेली. म्हणजे दार संपलं. पुढाऱ्याला एकट्याला आत बसवलं, चहा दिला आणि सगळं खरं सांगून टाकलं.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. चहा संपवून अर्ध्या कानडीत म्हणाला, "इरली बिड्री, अण्णा, असू द्या. तुमी हातगाडीवरनं दगड आनताना मी बगितलं की."

त्यानं दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

"मला बोललासा, तेवढंच. भाईर बोलू नगासा. मानसं आता लई मानत्यात. दार मागल्या बोळात काढा."

मागच्या बोळात उघडं गटार आहे. तिकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

आज सकाळी गवंडी आला. मागची भिंत ठोकून पाहिली आणि मग त्यानं विचारलं, "अण्णा, पुढचं दार चांगलं हाय की. मग ह्ये कशापायी?" बाहेर रांगेतल्या दोघांनी वळून आत पाहिलं. बायकोही माझ्याकडे बघत होती.

"देवाला जागा पाहिजे," मी म्हणालो.