नामाभाऊंच्या घरचं ताट

नामाभाऊंनी हॉकी सोडली नव्हती.

त्यांच्या घरचं ताट उठवलं गेलं, म्हणून ते उठले.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. गावच्या ग्रुपवर सकाळपासून फुलं आणि हात जोडलेले इमोजी पडताहेत. त्यात आमच्या क्लबचे तेव्हाचे कॅप्टन भाऊराव यांनी लिहिलं, "उत्तम खेळाडू, पण रागीट. स्वतःच खेळ सोडला. पुढे क्रिकेट आणि टीव्हीने आपली हॉकी संपवली."

भाऊराव, आपल्या गावात टीव्ही आला तेव्हा गोलपोस्टचं सरपणसुद्धा जळून गेलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

कामठीच्या आसपासच्या खेड्यांत साठच्या दशकात हॉकीचे क्लब निघाले. कामठीच्या लष्करी छावणीतून रिटायर झालेल्या फौजींनी पोरांच्या हातात स्टिक दिल्या आणि बघता बघता गावागणिक एक टीम उभी राहिली. पीक निघालेल्या वावरात मॅच व्हायची. बायका डोक्यावर पदर घेऊन बांधावर बसायच्या.

मी कॉन्व्हेंटात शिकलेली. सिस्टर लोकांनी आम्हाला हॉकीचे नियम प्रार्थनेसारखे पाठ करवले होते. म्हणून सुट्टीत गावी आले की शिट्टी माझ्या गळ्यात.

पहिल्या मॅचला एक म्हातारा ओरडला, "पोरगी शिट्टी वाजवून राहिली गा! आता पुरुषायनं थांबाचं काय?"

नामाभाऊ म्हणाले, "हाव बाबा, थांबाचं. नियम तिले येते, तुले येते काय?"

ते आमचे सेंटर हाफ, मैदानाच्या मधोमध खेळणारे. मला 'मिस' म्हणायचे.

या क्लबांची एक रीत होती. जोडीचं जेवण. पाहुण्या टीममधल्या प्रत्येकाने यजमानांच्या त्याच जागेवरच्या खेळाडूकडे जेवायचं. गोलकीपर गोलकीपरकडे, सेंटर हाफ सेंटर हाफकडे. जो क्लब जेवायला नाही म्हणेल, त्याला पुढच्या वर्षी बोलावणं नाही.

नामाभाऊंचं घर बौद्ध. वडिलांनी छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घेतलेली.

आता कळलं?

नदीपलीकडची टीम आमच्याकडे आली की त्यांचा तगडा सेंटर हाफ अचानक कडेच्या विंगला पळायला लागायचा. मधल्या जागेवर त्यांच्या बौद्ध वस्तीतला कोणीतरी, ज्याला एरवी सरावालाही बोलवत नसत. दुसऱ्या गावाची टीम आली, तिनेही तेच केलं. तिसऱ्यानेही.

उघड नाही म्हणायची हिंमत नाही. म्हणून टीमच उलटीपालटी करायची.

आणि हरायचं!

लागोपाठ किती मॅच आम्ही अशा जिंकलो. भाऊराव हार घालून मिरवायचे. मी एकदा नामाभाऊंना म्हटलं, "काय खेळता हो तुम्ही!"

ते हसले. "मिस, आपण हॉकीनं जिंकून नाही राहिलो. माझ्या मायच्या सैपाकानं जिंकून राहिलो."

त्यांची माय मॅचच्या दिवशी पहाटेपासून पाटवड्यांचा रस्सा करायची.

अंपायरला कुठलंही घर मोकळं असे. मी त्यांच्याकडेच जायची. माझी आई चिडायची, "काहून वं, घरी भाकर नाही काय?"

"आहे. पण तुझा रस्सा पांचट असतो," मी म्हणायची. मार खाल्ला, पण खरं तेच बोलले.

आम्ही दुसऱ्या गावी गेलो की नामाभाऊंना ऐकू यायचं, "आज घरी जरा अडचण आहे." त्यांच्या खिशात फुटाणे असायचे. तरी ते दर वेळी जात होते. रीत आहे म्हणून.

मग सगळ्या क्लबांची बैठक झाली, आमच्याच शाळेच्या ओसरीवर. ठरलं, की घरोघरचं जेवण बंद. मैदानावर पुरी-भाजीचं पाकीट द्यायचं. "मॉडर्न पद्धत," भाऊराव म्हणाले. "टाइम वाचते."

नामाभाऊंनी विचारलं, "कोणाचा टाइम गा, भाऊराव?"

भाऊरावांनी बैठकीची वही मिटली.

"तू काहून मनावर घेतं? खेळाले खेळ समज."

"जेवण बंद, त मी बी बंद."

आणि ते उठले. थांबा म्हणणारी मी एकटी होते.

भाऊराव, याला राग म्हणत नाहीत. स्वाभिमान म्हणतात. शब्द माहीत असावा म्हणून सांगितलं.

पुढे काय झालं? मॅच संपली की पाकीट खाऊन जो तो सायकलवर. कोणाच्या घरी पाहुणा येईना, म्हणून बायका बांधावर येईनात. बायका नाहीत, म्हणून पोरं नाहीत. एकेक क्लब असाच मेला. सत्तरचं दशक संपायच्या आत आमचाही. त्या वावरात आता प्लॉट पाडलेलं लेआउट आहे.

आज सकाळी नागपुरात नंदनवनला नामाभाऊंच्या मुलीकडे कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली. भाऊरावांनी 'सुवर्णकाळ' या विषयावर भाषण केलं. ताटं वाढायला लागल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाले, "मले शुगर आहे बेटा, माफ कर."

मी त्यांना सोडायला म्हणून मागोमाग खाली गेले. खरं तर दोन शब्द ऐकवायला. तर चौकातल्या गाडीवर साहेब तर्री-पोह्याची प्लेट घेऊन उभे. वरून शेव.

"भाऊराव, शुगर?"

"तुमी बी ना मॅडम, जुनं उकरून राहिल्या."

"मी नाही. तुम्ही आत्ता ताजं केलंत."

परत वर आले. माझ्या ताटाशेजारी त्यांचं ताट वाढलेलं तसंच होतं. नामाभाऊंची मुलगी ते उचलायला लागली. मी म्हटलं, "राहू दे. दोन्ही माझी."

पाटवडीचा रस्सा तिच्या आजीच्या हातासारखाच होता.

नामाभाऊ, मी पोटभर जेवले.

येते.