विरळ केस

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन बरोबर नाही आणि अक्षर त्याहून वाईट आहे. चौथीपर्यंत शिकले, त्यातलं शेवटचं वर्ष धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात उभी राहून शिकले. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, हे अंदाजानेच देते. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही, पण चुकून कोणी वाचलंच तर डोळ्यांना त्रास होईल, म्हणून माफी मागून ठेवते. चार लोकांत मला बोलता येत नाही, कोणी काही विचारलं की मी नुसती मान हलवते. पुढची सगळी भानगड त्या मान हलवण्यातूनच झाली.

मागच्या रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, माझी डावीकडची दाढ दुखू लागली. दुखायची तीही तऱ्हेवाईक. धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या डोक्यावर घेऊन शेताच्या धुऱ्यावरून, त्या उंच बांधावरून, चालू लागले की जबड्यात कळ यायची. पेंड्या टाकून खाली बसले की थांबायची. जेवताना काही नाही, थंड पाणी पिताना काही नाही. फक्त कामाच्या वेळी.

सासू म्हणाली, "पाह्य बरं, हिची दाढच कामचोर आहे."

माझा नवरा वरठीला कारखान्यात जातो. तो म्हणाला, "अशी दाढ मले राह्यली असती तं मी ड्युटीवर कायले गेलो असतो?"

दातांच्या डॉक्टरकडे नेलं. कोणती दाढ दुखते असं त्याने विचारलं. मी लाजून पदराआडून बोट दाखवलं, ते थोडं अलीकडे पडलं असावं. त्याने ती दाढ काढली. जखम भरल्यावर पुन्हा पेंडी उचलली, पुन्हा कळ. मग त्याने शेजारचीही काढली. आता त्या जागी दाढ नव्हती, तरी धुऱ्यावर चढलं की नसलेली दाढ दुखायची.

"दाढ मेली, तिचं भूत राह्यलं," नवरा म्हणाला.

हे ऐकून सगळे हसले, गावातली आशाताई मात्र हसली नाही. तिला मीटिंगमध्ये सांगितलं होतं की नागपूरचे डॉक्टर बायकांच्या अशाच वेगळ्या दुखण्यांवर संशोधन करून राहिले आहेत. ती मला आणि नवऱ्याला भंडाऱ्याच्या शिबिरात घेऊन गेली.

तिथे एक तरुण डॉक्टर मॅडम होती. तिने समजावलं, की काळजाचं दुखणं दर वेळी छातीतच येतं असं नाही. कोणाच्या पाठीत येतं, कोणाच्या कोपरात, कोणाच्या जबड्यात. बाई भलत्याच डॉक्टरकडे जाते आणि वेळ निघून जातो. वेळ जाण्याआधी अशा बायका कशा ओळखायच्या, ते त्यांना शोधायचं होतं.

मग छातीला तारा चिकटवून मला एका चालत्या पट्ट्यावर चढवलं. मी लुगडं खोचून चालत राहिले आणि कुठेच पोचले नाही. समोर शिकाऊ डॉक्टरांची रांग. पट्टा चढाला लागला तशी नसलेली दाढ दुखली. मी बोट वर केलं. मशीनच्या कागदावर काहीतरी खाली वाकलेलं दिसलं आणि सगळे असे खूश झाले, जसा मी वर्गात पहिला नंबर आणला.

मॅडम त्यांना म्हणाली, "ही फार विरळ केस आहे. नीट बघून घ्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर कपाळापर्यंत ओढला.

मग मॅडम माझ्याजवळ बसली. "ताई, तुमच्या हृदयाची एक नळी बारीक झाली असणार. आज बसल्यावर कळ थांबते, एखाद दिवशी थांबणार नाही. गुरुवारी नागपूरला या. मनगटातून तार घालून तपासू, गरज असली तर नळी तिथेच मोकळी करू. योजनेत बसतं, पैसे पडणार नाहीत. फक्त एक विनंती आहे. तुमची केस आम्हाला मुंबईला न्यायची आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवायला. नाव सांगणार नाही, चेहरा दाखवणार नाही. फक्त केस."

मी मान हलवली. सही केली.

घरी येताना बसमध्ये मी विचार करत राहिले. आमच्या गावात केस घेणारी बाई येते. विंचरून निघालेले गुंते तिला दिले की ती स्टीलची वाटी देते. म्हणजे इथे वाटीऐवजी इलाज, आणि गुंत्याऐवजी सगळेच केस. फुकट इलाज कोण करतं? केसांना ती 'ही' का म्हणते, हे खटकलं होतं, पण नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांची मराठी वेगळी असेल. दुसरी केस मला कोर्टातली माहीत होती, ती माझ्यावर कोणी टाकली नव्हती.

नवऱ्याला मात्र तीच माहीत होती. तो बाहेर बाकावर बसला होता, आणि तुमच्या बायकोची केस वर जाणार, एवढंच त्याला शिपायाने सांगितलं होतं. घरी आल्याबरोबर तो आईला म्हणाला, "माय, दातवाल्यावर केस होऊन राह्यली! दोन्ही दाढांचे पैसे वसूल!"

मी सासूला हळूच खरं सांगितलं. "ते माझे केस मुंबईला नेतात म्हणे."

"काहून? माहा पोरगा जिता आहे ना?" सासू ओरडली. "बिना केसाची सून मी गावात फिरवू काय? काही जाऊ नको!"

मी गुरुवारी गेले नाही. मरणाची भीती वाटत होती. पण नवरा असताना बोडक्या डोक्याने पाणी भरायला जायची भीती त्याहून मोठी होती. नवऱ्यालाही वाटलं, तारीख पुढे ढकलली असेल, कोर्टात ढकलतातच.

शनिवारी मॅडम आशाताईला घेऊन थेट आमच्या अंगणात आली. सासू दारात आडवी उभी राहिली.

"मॅडमबाई, माह्या सुनेचे केस कायले नेता?"

मॅडम म्हणाली, "आजी, केसचं नंतर बघू. आधी मी यांनाच न्यायला आलेय."

"पुरी पोरगीच नेता?"

"हो. केस गेली तरी चालेल, जीव राहिला पाहिजे."

"म्हणजे केस काढूनच ठेवता!"

मॅडमने आशाताईकडे पाहिलं, आशाताईने माझ्याकडे. माझ्या जबड्यात उभ्या जागी कळ आली. त्या भीतीत मी आजवर केलं नाही ते केलं. पदर मागे टाकला, अंबाडा सोडला आणि म्हटलं, "मॅडम, पाहा ना. हे विरळ आहेत काय?"

आशाताई हसता हसता जमिनीवर बसली. मॅडमला समजायला थोडा वेळ लागला. मग ती माझा हात धरून म्हणाली, "ताई, केस म्हणजे तुमच्या दुखण्याची हकीगत. तेवढीच न्यायची आहे."

"हकीगत नेता? मंग न्या ना," सासू म्हणाली. "तिले काय खायला लागते?"

नवऱ्याने विचारलं, "म्हणजे दातवाल्यावर केस नाही?"

"नाही."

तो तोंड पाडून खाटेवर बसला.

तोवर नागपूरची मॅडम केसांचं काहीतरी करते, असं गावात पसरलं होतं. अंगणात बायका केस मोकळे सोडून रांगेत उभ्या राहिल्या. मॅडमने बीपीचं मशीन काढलं. केसांसाठी आधी दंडाला पट्टा बांधावा लागतो, असं सगळ्यांना वाटलं आणि एकीनेही नाही म्हटलं नाही. सगळ्यात जास्त बीपी सासूचं निघालं. तिची गोळी त्याच दिवशी सुरू झाली. काम करताना दुखतं आणि बसल्यावर थांबतं असं कुणाचं आहे का, हेही मॅडमने प्रत्येकीला विचारलं. एकीची पाठ तशी निघाली. तिलाही तपासायला बोलावलं.

नागपूरला राहण्याचा, जाण्यायेण्याचा आणि नवऱ्याची रोजी बुडण्याचा खर्च होता. रांगेतच आमच्या बचत गटाची अध्यक्षबाई केस सोडून उभी होती. तिने तिथेच कर्ज मंजूर केलं. दुसऱ्या दिवशी मी गेले. नळी जवळजवळ बंद झाली होती. ती मोकळी केली, आत जाळी बसवली. आणखी थोडे दिवस गेले असते तर हातात काही राहिलं नसतं, असं मॅडम म्हणाली.

माझी हकीगत मुंबईला जाऊन आली. मी कधी गेले नाही.

या रोवण्याला मी डॉक्टरला विचारूनच चिखलाच्या बांधीत, धानाच्या शेतात, उतरले. गोळ्या रोज घेते. डोक्यावर पेंड्या अर्ध्याच घेते, पण दिवसभर रोवते आणि कळ येत नाही. गटाचा हप्ता दर महिन्याला देत आले. परवाच्या बैठकीत या रोवण्याच्या मजुरीतून शेवटचा दिला. अध्यक्षबाईने नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाली, "झालं वं तुहं." व्याजासकट सगळे पैसे फिटले.